ताईच्या नावावरची स्वप्नं

माझी ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. त्या काळी फोन उचलला की आधी तिथली बाई बोलायची. तिला हवा तो नंबर सांगायचा, मग ती दोरीचं टोक समोरच्या फळीतल्या भोकात खुपसून जोडून द्यायची. मी कॉलर शिवायच्या कारखान्यात होते. लवकर सुटले की तिला आणायला जायचे आणि दाराशी उभी राहून बघत राहायचे. उंच स्टुलांवर बायकांची रांग, कानांना पट्टे, पुढे लुकलुकणारे दिवे. दिवा लागला की ताई पलीकडच्याचा नुसता श्वास ऐकायची आणि तिचा आवाज बदलायचा. धान्याच्या व्यापाऱ्याशी टकाटक, कारण त्याला वेळ नसायचा. एकट्या राहणाऱ्या मास्तरीणबाईंशी हळू, शेजारी बसल्यासारखी. एका वकिलाला भांडल्याशिवाय चैन पडत नसे, त्याच्याशी ती रोज थोडी भांडायची. घरी येताना मी तिला बहुरूपी म्हणून चिडवायचे. ती म्हणायची, ज्याला जसं हवं तसं बोललं की लाइन लवकर मोकळी होते, त्यात काय मोठंसं.

आई गेली त्या वर्षी ताईचं बिनसलं. आईचं सगळं आजारपण तिनंच काढलं होतं. शिवाय नोकरी होती, नवरा होता, ठकी होती. ठकी म्हणजे तिची मुलगी, नुकती शाळेत जायला लागलेली. आईनंतर ताई कामावर हजर झाली ती अगदी खडखडीत. सगळ्यांना वाटलं, बाई धीराची. आणि एका दुपारी तिनं आपल्या फळीवरच्या सगळ्या दोऱ्या एकेक करून उपटल्या, नीट गुंडाळल्या, मांडीवर घेतल्या आणि बसून राहिली. अर्धं गाव मुकं झालं. सुपरवायझरबाईंनी घसा फोडला, पण ही ढिम्म. घरी आणल्यावरही तोंडातून शब्द नाही, चुलीपाशी जाणं नाही, ठकी केस ओढायची तरी मागे वळणं नाही. भावोजींनी बरीच वाट पाहिली आणि मग तिला वेड्यांच्या इस्पितळात नेलं. लोक म्हणाले, नवऱ्यानं टाकली. मी तसं म्हणणार नाही. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता.

ते इस्पितळ डॉक्टरकीच्या कॉलेजला जोडलेलं होतं. तिथले मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांना शिकवायचे आणि माणूस म्हणजे काय यावर प्रत्येकाचं आपलं एक मत होतं. गोळ्या चालू झाल्यावर ताई थोड्याच दिवसांत बोलायला लागली. चांगलं, नेटकं बोलायची, त्यामुळे ती सगळ्यांनाच हवी झाली. बाकीच्या बायका भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असत. त्यांना कोण पुसतो. ताईला मात्र सकाळी एकाचं बोलावणं, दुपारी दुसऱ्याचं, संध्याकाळी तिसरीचं.

सकाळचे ते थोरले डॉक्टर. घरी सोडायच्या सहीचा अधिकार त्यांचा. त्यांच्या खोलीत भर उजेडात पडदे ओढलेले असत. ताईनं कोचावर आडवं व्हायचं आणि ते उशाशी बसायचे, दिसणार नाहीत असे. त्यांचं म्हणणं, वर दिसतो तो माणूस नव्हेच. खरा माणूस तळघरात. लहानपणी जे जे गिळलं ते तिथं कुजत पडलेलं असतं आणि स्वप्न म्हणजे त्या तळघराची खिडकी.

दुपारचे डॉक्टर तरुण, बाह्या दुमडलेले. तळघर वगैरे त्यांच्या लेखी थोतांड. माणूस म्हणजे त्याच्या सवयी, आणि सवय लागते ती फळ मिळाल्यानं. त्यांनी पत्र्याचे गोल बिल्ले करून घेतले होते. बिछाना नीट घातला, एक बिल्ला. केस विंचरले, एक बिल्ला. रडणाऱ्या बाईकडे मात्र कोणी बघायचं नाही. बघितलं की रडण्याची सवय जडते. बिल्ले साठवून चहा, साबण आणि बागेतल्या बाकावर बसणं विकत घ्यायचं. वॉर्डात त्यांचं नाव पडलं होतं बिल्लेवाले.

संध्याकाळच्या डॉक्टरीणबाईंना बायका आरसा म्हणायच्या. दोघींमध्ये आडकाठी नको म्हणून त्यांनी खोलीतलं टेबल व्हरांड्यात काढून ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं, प्रत्येकात एक बी असतं. मायेची ऊब मिळाली की ते आपोआप आपल्या वळणानं वाढतं. आपण फक्त ऐकायचं, बरंवाईट ठरवायचं नाही. म्हणून तुम्ही जे बोलाल तेच त्या तुमच्या हातात परत द्यायच्या. ताई त्यांची नक्कल फार छान करायची. म्हणे, मी सांगितलं आज भाजी अळणी होती, तर म्हणाल्या, तुम्हाला आयुष्यात काहीतरी कमी पडतंय असं वाटतंय. भेटीच्या बाकावर आम्ही दोघी तोंडावर हात ठेवून हसलो. दाराशी उभी असलेली नर्स वळली तसं ताईनं हसू पुसलं.

"मापात हसायचं गं," ती म्हणाली. "जास्त झालं की लिहून घेतात."

अशातच भावोजींची बदली झाली. फार लांब, जिथून माणूस वर्षानुवर्षं परतत नाही अशा ठिकाणी. थंडी संपली की निघायचं होतं. डॉक्टरांनी तोवर सोडली तर तिघं मिळून जाऊ, नाहीतर मी ठकीला घेऊन पुढे होतो, असं ते मला म्हणाले. ताईला हे मीच सांगितलं. ती रडली नाही. जरा वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत बसली आणि म्हणाली, तिघाही डॉक्टरांना मी बरी झालेय असं वाटायला हवं.

आणि ती कामाला लागली. बिल्लेवाल्यांसाठी तिनं स्वतःचा बिछाना तर घातलाच, शेजारच्या दोन खाटाही आवरायला घेतल्या. आरशासमोर ती हळूहळू उमलायला लागली; मला आता माझं मन कळायला लागलंय, असं अडखळत सांगायची, कारण सुरळीत सांगितलं तर त्यांना खरं वाटत नसे. अडचण आली थोरल्यांची. गोळ्यांनी तिला स्वप्नंच पडत नव्हती. डोळ्यांवर काळं फडकं टाकल्यासारखी झोप. सुरुवातीला तिनं रचून सांगितली, पण ते जाणकार. म्हणाले, हे डोक्यातून आलंय, खालून नाही. स्वप्नं येत नाहीत म्हणजे दार बंद आहे, आणि दार बंद असताना सही करता येत नाही.

"तुला पडतात ना?" ताईनं मला विचारलं. "मग मला दे."

मला पडायची, भाराभर. लहानपणी ताईचे उतरलेले फ्रॉक मी घालायचे. आता माझी स्वप्नं ती वापरायला लागली. दर भेटीला मी पडलेलं सगळं आणून ओतायचे आणि ताई निवडायची, हे चालेल, हे नको, हे जरा लांबवू. आई कपाटात बसून वाटाणे सोलतेय ते तिला आवडलं. दात पडून कॉलरीच्या शिलाईत अडकले तेही. थोरले डॉक्टर खूश. तळघराचं दार किलकिलं झालं, असं ते विद्यार्थ्यांना सांगायला लागले.

त्यातलंच एक टाकीचं स्वप्न. मी राहायचे त्या इमारतीच्या गच्चीवर सिमेंटची पाण्याची टाकी होती. स्वप्नात ठकी त्या टाकीत कमरेएवढ्या पाण्यात बसून बाहुलीचे केस विंचरत होती. वारं सुटलं, धूळ उडाली, म्हणून मी टाकीवर झाकण ओढलं आणि खाली जाऊन इस्त्री करत बसले. भीती अजिबात वाटली नाही, उलट एक काम हातावेगळं झालं असं वाटलं. ताईनं ते ऐकून घेतलं आणि हे पाणीदार आहे, हे त्यांना देते, असं म्हणाली. आम्ही त्यावरही हसलो.

थंडी ओसरत आली तेव्हा ताईच्या सुटकेचा विचार करायला सगळे डॉक्टर एकत्र बसले. नातेवाईक म्हणून भावोजींना आणि मला बोलावलं होतं. लांब टेबल, त्यामागे तिघं, आणि कडेला एक चौथा होता, मोजणीवाला. त्यानं ताईला ढीगभर छोटी वाक्यं देऊन प्रत्येकापुढे होय किंवा नाही लिहायला लावलं होतं. त्याच्या मते माणूस म्हणजे काही ठरावीक गुणांची मापं. कोणात भिडस्तपणा जास्त, कोणात धीर कमी, एवढाच फरक. मी कॉलरी शिवणारी, मला तो बरा वाटला. ताई भिंतीजवळच्या खुर्चीवर बसली होती, केस चापूनचोपून, हात मांडीवर.

बिल्लेवाले म्हणाले, वॉर्डात हिच्याइतके बिल्ले कोणी मिळवले नाहीत. घरी पाठवा, नवऱ्याला बिल्ल्यांची पद्धत शिकवून देतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ती आतून उमलते आहे, आता तिला तिच्या मातीत लावायला हवं. मोजणीवाला मात्र ओशाळल्यासारखा म्हणाला की या बाईंची मापं घेता येत नाहीत, त्या टेपबरोबर हलतात. उत्तरं फार चांगली आहेत. इतकं चांगलं कोणी नसतं.

मग थोरले डॉक्टर बोलले. ताईवर त्यांचा जीव होता हे मला तेव्हाही दिसत होतं. ते म्हणाले, वरवरच्या सुधारणेनं आपण फसू नये. आणि त्यांनी टाकीचं स्वप्न सांगितलं, ताईनं लांबवलेलं नव्हे, बहुतेक मी सांगितलं तसंच. मग अर्थ सांगितला. मूल पाण्यात, आईचं उदर म्हणजे पाणी, झाकण लावून वर निवांतपणे काम. आईनं हिचं बालपण खाल्लं आणि आता मुलीनं तरुणपण खाल्लं, याचा सूड तळघरात तयार आहे. घरात लहान मूल असताना मी सही करणार नाही.

ज्याला ते तळघर म्हणत होते ते माझं होतं. भरल्या सभेत कोणीतरी माझे आतले कपडे उलगडून उजेडात धरावेत आणि ते दुसरीच्या अंगाचे म्हणून सांगावेत, तसं मला झालं. मी उठले.

"डॉक्टरसाहेब, ते स्वप्न माझं आहे. ती टाकी माझ्या गच्चीवरची आहे. ताईला ते पडलेलंच नाही, मी तिला दिलं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते मायेनं हसले. म्हणाले, धाकटीनं थोरलीचं ओझं उचलायला धावावं हे मी पुष्कळ पाहिलंय, बसा. मग ताईकडे वळून त्यांनी शांतपणे विचारलं, बहीण म्हणते ते खरं आहे का?

हो म्हटलं तर आजवरचं सगळंच सोंग ठरणार, बिल्लेही आणि उमलणंही. नाही म्हटलं तर टाकी तिची. ताईनं एकेका तोंडाकडे पाहिलं. समोर एकच माणूस असता तर तिला कळलं असतं त्याला काय हवंय ते. तिथं चौघं, शिवाय नवरा, शिवाय मी. तिच्या ओठांची नुसती हालचाल होत राहिली.

"मला घरी जायचंय," ती म्हणाली.

हा आवाज कोणासाठीच काढलेला नव्हता. जाडाभरडा, थोडा चिरका. आई होती तेव्हा आमच्या खोलीत हाच आवाज असायचा.

थोरल्या डॉक्टरांनी मान डोलावली आणि विद्यार्थ्यांना सांगावं तसं इतरांना सांगितलं, घर म्हणजे आई. डॉक्टरीणबाई पुढे झुकून म्हणाल्या, तुम्हाला घरी जावंसं वाटतंय. ताई हो म्हणाली. त्या म्हणाल्या, तुम्हाला अगदी मनापासून जावंसं वाटतंय. ताई पुन्हा हो म्हणाली नाही. बिल्लेवाले खिडकीबाहेर बघत राहिले, कारण कोणी असं थेट मागायला लागलं तर लक्ष द्यायचं नाही, हा त्यांचाच नियम होता. मोजणीवाल्यानं टोपण लावून पेन खिशात ठेवलं. आणखी काही महिने ठेवून घ्यावं असं ठरलं.

बाहेर व्हरांड्यात, डॉक्टरीणबाईंच्या त्या टेबलापाशी मी भावोजींना गाठलं. म्हटलं, ताई सुटेपर्यंत ठकीला माझ्याकडे ठेवा, मी कारखाना सोडते हवं तर. ते माझ्याकडे बघेनात.

"स्वप्न तिचं असेल तर तिच्याजवळ ठेवत नाही," ते म्हणाले. "आणि तुझं असेल तर तुझ्याजवळही नाही."

ठकीला घेऊन ते गेले. निघायच्या दिवशी मी तिची वेणी घालायला गेले, तर भावोजी आम्हा दोघींबरोबर खोलीतच उभे राहिले, हाताची घडी घालून, माझ्या हातांवर नजर ठेवून. मी रिबन बांधली आणि निघाले.

ताईला सांगितलं तेव्हा तिनं फक्त विचारलं, स्वेटर नेलाय ना तिचा. त्यानंतर तिनं बिछाना घालायचं सोडलं. स्वप्नं मागायचं सोडलं. आरशासमोर गप्प बसायची, आणि आरसाही मग गप्प बसायचा. बोलण्यासारखं काही उरलं नाही तसं डॉक्टरांचं बोलावणंही थांबलं, आणि ती भिंतीकडे तोंड करून पडणाऱ्यांतली एक झाली. भावोजींनी लांबूनच रीतसर घटस्फोट घेतला. वर्षं गेली. थोरले डॉक्टर निवृत्त झाले, बिल्ले भंगारात गेले, व्हरांड्यातल्या टेबलावर औषधांच्या पेट्या आल्या. नवीन डॉक्टर आले ते झोप लागते का आणि पोट साफ होतं का, एवढंच विचारायचे. त्यांना खाटा मोकळ्या करायच्या होत्या. त्यांनी एका दमात ताईला माझ्या हवाली केलं. वीस मिनिटंही लागली नाहीत.

तेव्हापासून ती माझ्याजवळ. त्रास कसलाच नाही. मी सकाळी कुरकुरत उठले की तीही जरा कुरकुरायची. मी खुशीत असले की तीही खुशीत. चहात साखर किती टाकू विचारलं तर म्हणायची, तुझ्याइतकी. एकदा मी मुद्दाम बिनसाखरेचा दिला. ती प्यायली आणि छान झालाय म्हणाली. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

आणि एक दिवस ठकी आली. दारात उभी असलेली बाई मी ओळखलीच नाही, तिनंच सांगितलं. भावोजी वारले होते. तिला दिवस गेले होते, पोट दिसायला लागलं होतं. ताईसमोर पाटावर न बसता ती कॉटच्या कडेवर बसली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. ताईनं तिला नीट न्याहाळलं आणि लगेच तिचा चेहरा मऊ झाला, आई म्हणून असावा तसा. ठकीला ते नको होतं. ती माया मागायला आलीच नव्हती. तिनं लहानपणापासून ऐकलं होतं की आई वेडी, मुलीच्या जिवावर उठलेली. आता आपल्यात काय आलंय आणि पोटातल्यात काय जाणार, हे तिला विचारायचं होतं.

"तू कशी होतीस?" तिनं ताईला विचारलं. "आजारी पडायच्या आधी. नक्की कशी होतीस?"

ताईचा मऊ चेहरा पुसला गेला. ती विचारात पडली, खरोखर पडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू सांग. तुझ्या सगळं लक्षात असतं."

मी सांगितलं. तुझी आई इस्त्री करताना शिट्टी वाजवायची, आमच्या आईनं कितीदा दटावलं तरी. पत्त्यांत फसवायची आणि पकडलं की आपणच रुसायची. घरमालक आईवर ओरडला तर हिनं त्याची चप्पल उचलून जिन्यावरून खाली भिरकावली होती. कोणी कीव केली की तिचं डोकं फिरायचं. अंधारात चालताना ती माझ्या पुढे असायची आणि भ्यायली असली तर ते मला कधी कळू दिलं नाही. सांगता सांगता मी किती वेळ बोलत होते कोणास ठाऊक. ठकी हसली, मग रडली, मग म्हणाली, शिट्टी तर मीही वाजवते, माझ्या नवऱ्याला आवडत नाही. टाकीचंही मी सांगितलं, कोणाची ती, कोणाचं झाकण. तिनं पोटावरचा हात काढून तो माझ्या हातावर ठेवला. जाताना ती ताईच्या पाया पडायला वाकली, पण पोटामुळे तिला वाकता येईना, ताईनंच तिला सावरलं. पुन्हा येईन म्हणाली. तिचं घर फार लांब आहे. आली नाही अजून.

मी सांगत होते तेवढा वेळ ताई आमच्यामध्ये बसून ऐकत होती. मान किंचित कलती, डोळे माझ्या ओठांवर. मला वाटलं, आठवतंय तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी घेऊन परत आले तर आतून शिट्टी ऐकू आली. मी घरी शिवायला आणलेल्या कॉलरींना ताई इस्त्री करत होती. शिट्टी नीट येत नव्हती, दात गेलेले, वाराच जास्त. तरी ती वाजवत होती. मी उंबऱ्यात थांबले. माझी चाहूल लागताच तिनं मान वर केली, पण शिट्टी थांबवली नाही. इस्त्री हातात तशीच धरून ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, बरोबर जमतंय का ते.

मी मान डोलावली. तिला हायसं वाटलं आणि तिनं पुढची कॉलर घेतली.